बंद गाडीतली तहान

रमजानच्या दिवसांत दुपारी तीन ते पाच ही वेळ रोजेदाराची खरी परीक्षा घेते. सहेरीला प्यायलेले पाणी केव्हाच जिरलेले असते, इफ्तार अजून लांब असतो आणि जीभ टाळूला चिकटू लागते. नेमकी याच वेळी बाजारात गर्दी सुरू होते. खजूर, फळे, शेवया, ईदचे कपडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. त्यातल्याच एखाद्या गाडीच्या मागच्या सीटवर, बंद काचेआड, पाळीव कुत्रा धापा टाकताना दिसतो. मालक ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेला असतो. येणारे-जाणारे थबकतात, हळहळतात आणि पुढे जातात.

अशा वेळी जाणाऱ्या-येणाऱ्याने काय करावे? गाडी दुसऱ्याची, कुत्रा दुसऱ्याचा. आपण मध्ये पडावे का? पडायचे तर कुठवर? काच फोडावी का? प्रश्न छोटा वाटतो, पण तहान म्हणजे काय हे महिनाभर अंगावर घेणाऱ्यांनी तरी त्याचे उत्तर टाळू नये.

दोन हदीस, दोन माणसे

तहानलेल्या कुत्र्याची हदीस बहुतेक मुस्लिम घरांत मुलांना सांगितली जाते. हजरत अबू हुरैरा यांनी ती कथन केली असून ‘सहीह बुखारी’त ती आहे. वाटेने जाणाऱ्या एका माणसाला फार तहान लागली. विहीर दिसली तसा तो आत उतरला, पाणी प्यायला आणि वर आला. पाहतो तो एक कुत्रा तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटतो आहे. मघाशी आपली जी अवस्था होती तीच याची आहे, हे त्याला जाणवले. तो पुन्हा विहिरीत उतरला. जवळ भांडे नव्हते, म्हणून पायातल्या मोज्यात पाणी भरले, ते दातात धरून वर चढला आणि कुत्र्याला पाजले. या एका कृतीवर अल्लाहने त्याचे गुन्हे माफ केले. जनावरांच्या सेवेतही पुण्य आहे का, असे लोकांनी विचारले तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले, की प्रत्येक सजीवाच्या सेवेत ते आहे.

दुसरी हदीस मांजराची आहे आणि ती तितकीच कठोर आहे. एका बाईने मांजराला कोंडून ठेवले. स्वतः खायला दिले नाही आणि बाहेर फिरून किडामुंगी खाण्याची मोकळीकही दिली नाही. मांजर मेले आणि ती बाई शिक्षेला पात्र ठरली. तिने मांजराला मारझोड केल्याचा उल्लेख नाही. तिचा गुन्हा कोंडण्याचा होता. ज्याला आपण कोंडले, त्याची स्वतःपुरती धडपडही आपण काढून घेतली. मग त्याच्या पाण्याची आणि हवेची सगळी जबाबदारी आपली होते.

बंद गाडीपाशी या दोन्ही हदीस एकत्र येतात. गाडीला कुलूप लावून गेलेल्याला मांजराची हदीस लागू होते आणि काचेबाहेर उभ्या असलेल्याला विहिरीची.

हा काही एकाच धर्माचा संस्कार नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल संत एकनाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपल्या महाराष्ट्राची आहे. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवही आपलेच. विहिरीत दुसऱ्यांदा उतरणारा तो वाटसरू या दोघांच्या शेजारी शोभून दिसेल.

‘पाच मिनिटां’चा हिशेब

काचेतून ऊन आत शिरते. डॅशबोर्ड आणि सीट तापतात, त्यांची उष्णता आतल्या हवेत उतरते आणि त्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते. त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. म्हणजे बाहेर ३० अंश असेल तर अर्ध्या तासात आत ४७-४८ अंशांपर्यंत मजल जाऊ शकते. काच दीड इंच खाली ठेवली तरी फारसा फरक पडला नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या उन्हाळ्याचे तर बोलायलाच नको.

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. त्याची खरी सोय म्हणजे धाप. जीभ बाहेर काढून तो लाळेची वाफ होऊ देतो आणि अंगातली उष्णता घालवतो. पण आतली हवाच तापलेली आणि दमट झाली की धापेचा उपयोग संपतो. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघात सुरू होतो आणि मेंदू, मूत्रपिंडे, यकृत यांना इजा होऊ लागते. पगसारख्या चपट्या नाकाच्या, लठ्ठ आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना तर आणखी कमी वेळ मिळतो.

रोजेदाराला आपली तहान केव्हा संपणार हे मिनिटासकट माहीत असते. तब्येत बिघडली तर रोजा सोडण्याची मुभाही असते. गाडीतल्या कुत्र्याला यातले काहीच नाही.

हे काम कोणाचे?

इस्लामी धर्मशास्त्रात ‘फर्ज-ए-किफाया’ अशी एक कल्पना आहे. काही कर्तव्ये प्रत्येकाची असतात, उदाहरणार्थ पाच वेळची नमाज. काही कर्तव्ये सगळ्या वस्तीची मिळून असतात. जनाजाची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. काही जणांनी ती अदा केली की बाकीचे सुटतात, पण कोणीच केली नाही तर अख्खी वस्ती दोषी ठरते. संकटातल्या जीवाला वाचवण्याकडेही असेच पाहायला हवे.

‘कोणीतरी करेल’ हा विचार किती घात करतो, हे जॉन डार्ली आणि बिब लॅटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगातून दाखवले. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोकांनी झटका संपण्याआधीच मदत मागितली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. लोक निर्दय नव्हते. जबाबदारी वाटली गेली आणि वाटता वाटता संपली. बाजारातल्या गाडीभोवती दहा जण जमतात आणि फोन एकही जण करत नाही, त्याचे कारण हेच.

‘कुत्रा आहे, आपल्याला चालत नाही’

मुस्लिम मोहल्ल्यात एक अडचण हमखास पुढे येते. कुत्रा नापाक, त्यात आपला रोजा, वुजू केलेली. याचे उत्तर सरळ आहे. कुत्र्याला हात लागल्याने रोजा तुटत नाही आणि वुजूही तुटत नाही. लाळ लागली तर धुवावे लागते. हनफी आणि शाफई मतांत धुण्याच्या रीतीत फरक आहे. कोकणातल्या बहुसंख्य मुस्लिमांच्या शाफई मतात तर सात वेळा धुवायचे आणि त्यातले एकदा मातीने. पण सगळ्या मतांत ही गोष्ट धुण्यापाशीच संपते. जे पाण्याने निघते, ते एखाद्या जीवाला मरू देण्याचे कारण होऊ शकत नाही.

अनेक जण दर जुम्याला ‘सूरह कहफ’ वाचतात. त्यात गुहेत आश्रय घेतलेल्या श्रद्धावान तरुणांची कथा आहे आणि त्यांच्या उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचाही आवर्जून उल्लेख आहे.

काच दुसऱ्याची आहे

आता खरा पेच. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान करणे धर्माला आणि कायद्याला दोघांनाही मान्य नाही. त्याच सूरह कहफमध्ये पुढे हजरत मूसा आणि हजरत खिज्र यांचा प्रसंग येतो. खिज्र गरीब नावाड्यांच्या होडीला भोक पाडतात. मूसा चकित होतात. नंतर कळते, की धडधाकट होड्या बळकावणारा राजा पुढे होता, म्हणून नुकसान करून होडी वाचवली. पण खिज्र यांना पुढचे माहीत होते. आपल्याला ते नसते, म्हणून आपल्याला शिस्त पाळावी लागते.

ती शिस्त फिकहच्या जुन्या सूत्रांत आहे. ऑटोमन तुर्कस्तानात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेतही ती नोंदली आहेत. निकडीमुळे मनाई असलेली गोष्ट करता येते. पण जेवढी निकड तेवढीच. आणि आपल्या निकडीमुळे दुसऱ्याचा हक्क बुडत नाही, म्हणजे भरपाईचा प्रश्न शिल्लक राहतोच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २०१७ पासून लागू झालेला कायदा जवळपास हेच सांगतो. जनावर धोक्यात असेल, गाडी कुलूपबंद असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर सामान्य माणूसही काच फोडू शकतो. अटी अशा, की आधी पोलीस, अग्निशमन दल किंवा तत्सम यंत्रणेला कळवायचे, गरजेपुरतेच बळ वापरायचे आणि अधिकारी येईपर्यंत जनावराजवळ थांबायचे. इंग्लंडमध्ये १९७१ च्या कायद्यानुसार, परिस्थिती कळली असती तर मालकाने संमती दिली असती असा प्रामाणिक विश्वास असेल, तर तो बचाव ठरू शकतो.

भारतात असा खास कायदा नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला यातना देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १९ म्हणते, की दुष्ट हेतू नसताना, सद्भावनेने, मोठी हानी टाळण्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र निकड तेवढी होती का, हे त्या त्या प्रसंगावरून ठरते. थोडक्यात, काच फोडणाऱ्याला आधार आहे, पण तयार ढाल नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी काय, शेवटी काय

पहिल्यांदा नीट पाहावे. इंजिन आणि एसी चालू आहे का? कुत्रा शांत आहे, की जोरात धापा टाकतो आहे, चिकट लाळ गाळतो आहे, झोकांड्या खातो आहे, निपचित पडला आहे? वेळ पाहून ठेवावी. चारही दरवाजे ओढून बघावेत. पुष्कळदा एखादा उघडा असतो.

मग मालकाला शोधावे. काचेवर मोबाइल नंबर लिहिलेला असतो. शेजारचा दुकानदार, पार्किंगवाला ओळखतो. रमजानमध्ये तर मशिदीचा माइक हाताशी असतो. ‘अमुक नंबरच्या गाडीच्या मालकाने ताबडतोब यावे’ एवढी घोषणा पुरते. मंदिरातल्या किंवा मंगल कार्यालयातल्या माइकवरूनही हेच करता येईल. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ वर फोन करावा. ‘कोणीतरी करा’ असे न म्हणता समोरच्याकडे बोट दाखवून ‘भाऊ, तुम्ही करा’ म्हणावे.

कुत्रा कोसळतो आहे, मालक सापडत नाही आणि पोलिसांना वेळ लागणार आहे, अशी तिन्ही परिस्थिती असेल तरच काच. दोन साक्षीदार बोलवावेत, एक फोटो घ्यावा. पुढची काच फोडू नये. कुत्र्यापासून लांबची बाजूची खिडकी निवडावी आणि कोपऱ्यात घाव घालावा. भेदरलेला कुत्रा चावू शकतो, याचे भान ठेवावे. बाहेर काढल्यावर सावली, अंगावर नळाचे पाणी आणि वारा. बर्फ नको आणि ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये, त्याने उष्णता अडकते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे, बेशुद्ध असेल तर तोंडात ओतू नये. लगेच पशुवैद्याकडे न्यावे. तो सावरल्यासारखा वाटला तरीही. आणि गाडीत मूल असेल, तर उशीर करण्याचा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आजकाल अनेकांचा हात काचेच्या भीतीने थांबत नाही, नावांच्या भीतीने थांबतो. गाडी कोणाची, फोडणारा कोण, यावरून गोष्ट भलतीकडे जाईल, असे वाटते. ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे एकट्याने न करणे. शेजारच्या दुकानातल्या काकांना, रिक्षावाल्याला, भाजीवाल्या मावशींना सोबत घ्यावे. वेगवेगळ्या नावांचे चार लोक एका गाडीभोवती उभे राहिले, की अफवेला जागा उरत नाही. मालक आल्यावर त्याला घेराव, शिवीगाळ, मारहाण तर मुळीच नको. बहुतेक मालकांचे कुत्र्यावर प्रेम असते, म्हणूनच ते त्याला सोबत आणतात. उन्हाचा अंदाज चुकलेला असतो. निवाडा पोलिसांवर सोपवावा.

आणि मालकांना एकच विनंती. उन्हाळ्यात बाजारात जायचे असेल, तर कुत्र्याला घरी पंख्याखाली, पाण्याच्या भांड्याजवळ राहू द्या. खरेदीची पाच मिनिटे कधीच पाच मिनिटांची नसतात.

विहिरीतल्या त्या माणसाजवळ दोर नव्हता, भांडे नव्हते, कोणी बघतही नव्हते. जे पायात होते त्याने त्याने काम भागवले. आपल्याजवळ फोन आहे, माइक आहे, शेजारी आहेत. बाजारातून जाताना त्या बंद काचेपाशी थांबायला आणखी काय हवे?