कागदांची होळी : १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांविषयीचे गैरसमज

दख्खनचे दंगे म्हणजे १८७५ च्या उन्हाळ्यात पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेला उठाव. १२ मे रोजी सुपे गावच्या बाजारात जमलेल्या लोकांनी गुजराती सावकारांची घरे आणि दुकाने फोडली, त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले, दुकानांतले धान्य लुटले. पुढच्या काही आठवड्यांत तीसहून अधिक गावांत कमीअधिक फरकाने हेच घडले. हे सुपे तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातले. नगर-पुणे रस्त्यावरचे, औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असलेले पारनेर तालुक्यातले सुपे वेगळे. उठावाचे लोण पारनेरकडेही पोचले होते, त्यामुळे या दोन गावांची गल्लत नेहमी होते.

‘दंगे’ हे नाव सरकारी कागदपत्रांतून आले. ते रुळले, आणि त्याबरोबर बेभान जमावाचे एक चित्रही रुळले. या उठावाबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ त्या चित्रात आहे.

‘जमावाने सूड म्हणून माणसे मारली’

उठावाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाला उलट चित्र दिसले. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. जवळजवळ सगळीकडे लोकांचा हेतू एकच होता, असे त्यात नमूद आहे : सावकाराच्या ताब्यातले रोखे, खते आणि हुकूमनामे मिळवायचे आणि नष्ट करायचे. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे सहसा अंगावर हात पडला नाही. नकार दिला तिथे धाकदपटशा आणि मारहाण झाली. काही ठिकाणी घरे आणि गंजी पेटवल्या गेल्या. अनेक सावकार कुटुंबे मालमत्ता मागे टाकून रातोरात गाव सोडून गेली. त्यांची भीती खरी होती आणि नुकसानही खरे होते. ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण एवढा राग साचलेला असताना आणि गावात पोलीस नावालाच असताना इतका थोडा रक्तपात झाला, याचे आयोगालाही विशेष वाटले.

जमाव निवडून कागद का जाळतो, हाच या साऱ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जमिनीच्या मालकीच्या कायद्यात सापडते. त्याआधी घटनांचा क्रम नीट लावला पाहिजे.

‘सुरुवातच जाळपोळीने झाली’

सुप्याच्या पाच महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका मारवाडी सावकाराने गावच्या देशमुखांविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा मिळवला, त्यांची मालमत्ता लिलावात घेतली आणि राहते घर पाडायला काढले. सगळे कायद्याला धरून होते. गावाने त्याला दिलेले उत्तरही कायद्याबाहेरचे नव्हते. कोणी सावकाराच्या शेतावर कामाला जाईना, त्याचे पाणी भरीना, न्हावी त्याची हजामत करीना. शेजारच्या गावांनीही हाच मार्ग धरला. भीमथडीच्या शेजारी इंदापूर तालुक्यात कळस गावच्या लोकांनी मे १८७५ मध्ये संमतिपत्र लिहून सह्या केल्या : सावकाराचे शेत जो कसेल त्याच्याशी गावाने आणि बलुतेदारांनी कोणताही व्यवहार ठेवायचा नाही.

या मार्गाला इंग्रजीत आज जो शब्द आहे, तो आयर्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावरून १८८० मध्ये पडला. शिरूर-इंदापूरच्या शेतकऱ्यांना त्याची वाट पाहावी लागली नाही, कारण वाळीत टाकणे हे गावगाड्याचे जुनेच हत्यार होते. एरवी ते जातिबाह्य वागणाऱ्या दुबळ्या माणसावर चाले आणि त्याचा इतिहास क्रूर आहे. इथे ते गावातल्या सर्वांत सबळ माणसावर उगारले गेले, हे त्याचे वेगळेपण.

‘लग्नकार्यातल्या उधळपट्टीने शेतकरी बुडाला’

हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. आजही कर्जबाजारीपणाच्या चर्चेत तो डोके वर काढतो. आयोगाने नेमका हाच मुद्दा तपासला आणि लग्ने आणि सणसमारंभांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष काढला. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने मोठा असला तरी असे प्रसंग आयुष्यात फार थोडे येतात. शेतसारा भरण्यासाठी, बियाणे आणि बैलांसाठी, पावसाळ्यात पोट भरण्यासाठी घ्यावे लागणारे कर्ज दरवर्षीचे होते.

उठावाच्या मुलखात सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले होते. त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरा पट होते आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. यातला गहाणाचा आकडा नीट पाहण्याजोगा आहे, कारण दोन पिढ्यांपूर्वी अशी गहाणे इतक्या प्रमाणात होणे शक्यच नव्हते.

‘शेतकऱ्याला मालकी हक्क नव्हता, म्हणून तो लुबाडला गेला’

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. पेशवाईच्या अखेरीस गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कसणारे असत. मिराशी जमीन वंशपरंपरेची असे, पण तिचा व्यवहार गाव, भाऊबंद आणि पाटील यांच्या नजरेखाली होई. सावकार तेव्हाही होता. मात्र वसुलीसाठी त्याच्या हाती तगादा, धरणे आणि पंचायत एवढीच साधने होती. कुळाला पुरते बुडवणे त्याच्याही हिताचे नव्हते.

इंग्रजी अमलात रयतवारी आली. प्रिंगल या अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. सारा भरत राहील तोवर खातेदाराचा कब्जा पक्का झाला. तो वारशाने जाणारा आणि विकता येणारा ठरला. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ही शेतकऱ्याला दिलेली देणगी होती. पण जे विकता येते ते गहाण पडते, आणि जे गहाण पडते ते कोर्टाच्या हुकुमाने लिलावातही जाते. हक्क पक्का झाला आणि त्याच हक्काच्या वाटेने जमीन हातची जाऊ लागली.

पुढच्या कायद्यांनी ती वाट रुंद केली. १८५५ मध्ये व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांच्या आत करणे बंधनकारक झाले. हेतू चांगला होता : जुनी कर्जे वर्षानुवर्षे व्याज चढवत राहू नयेत. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज मुद्दलात जमा होऊन नव्या मुद्दलावर नवे व्याज सुरू झाले. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, हा दामदुपटीचा जुना दंडक मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनाही मान्य होता. पण व्याजाचेच मुद्दल झाल्यावर तो दंडक लागणार कशाला? शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक उदाहरण आयोगापुढे आले.

अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. पैसे परत केल्याची पावती बहुधा मिळत नसे. कोर्ट दूरच्या गावी. तिथवर जायचे तर कामाचे दिवस बुडायचे. म्हणून कितीतरी दावे एकतर्फी निकाली निघाले. न्यायाधीशासमोर असे ते फक्त कागद, आणि कागद खरा असला की कर्ज खरे ठरे. शेतकऱ्याची तोंडी हकिगत, गावाची आठवण यांना तिथे जागा नव्हती.

त्यामुळे सुप्याच्या बाजारात पेटले ते कागदच. जमाव मालमत्तेच्या कल्पनेविरुद्ध उठला नव्हता. आपली जमीन आपली राहावी, हेच त्याचे म्हणणे होते. मालकीचे दोन दावे समोरासमोर आले होते, एक वहिवाटीचा आणि दुसरा दस्तऐवजाचा, आणि कोर्टाची दारे फक्त दुसऱ्यालाच उघडी होती.

‘अमेरिकेतली कापसाची तेजी आणि मोठा दुष्काळ हीच कारणे’

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सैल हाताने मिळू लागले, आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळून सावकारांनी हात आखडले. हे खरे आहे. पण उठावाचा गाभा असलेला भीमथडी-शिरूरचा पट्टा मुख्यतः ज्वारी-बाजरीचा, बेभरवशाच्या पावसाचा. तिथे हाती पैसा खेळला तो धान्याच्या चढ्या भावांमुळे आणि रेल्वेमार्गाच्या बांधकामावरच्या मजुरीमुळेही. तो ओघ आटत असतानाच तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ च्या सुमारास इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली. अनेक गावांचा सारा निम्म्याने, काहींचा दुपटीपर्यंत वाढला. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ मध्येच शेतकऱ्यांच्या स्थितीवर अहवाल काढून या वाढीकडे बोट दाखवले होते.

लाखो बळी घेणारा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा, म्हणजे उठावानंतरचा. तो कारण असूच शकत नाही.

‘हे इंग्रज राजवटीविरुद्धचे बंड होते’

या उठावाचे नाव वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाशी जोडले जाते, कारण मुलूख एकच आणि मधले अंतर जेमतेम चार वर्षांचे. फडक्यांचे बंड १८७९ चे. परकी राज्य उलथवणे हे त्यांचे जाहीर उद्दिष्ट होते. १८७५ मध्ये सरकारी कचेऱ्या आणि खजिने हे लोकांचे लक्ष्य नव्हते. उलट, गावोगावी एक अफवा फिरत होती : एका इंग्रज साहेबाला मारवाड्यांनी कर्जापायी धुऊन काढले, त्याने राणीकडे दाद मागितली आणि सावकारांचे रोखे काढून घ्यावेत असा हुकूम विलायतेहून सुटला. लोक त्या हुकमाची अंमलबजावणी केल्यासारखे वागत होते. कोर्टावरचा विश्वास उडाला होता, दूरच्या राणीवरचा अजून शिल्लक होता.

सरकारने मात्र यात १८५७ ची सावली पाहिली. सैन्य बोलावले, गावांत पोलीस ठाणी बसवली, शेकडो जणांना अटक केली. वाढलेल्या साऱ्यामुळे उठाव झाला काय, हा प्रश्न आयोगापुढे होता. आयोगाने सरकारला दोषमुक्त करून ठपका सावकारांवर ठेवला. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने स्वतंत्र टिपण लिहून सारापद्धतीच्या दोषांवर नेमके बोट ठेवले. आयोगाचा निष्कर्ष उद्धृत करताना हे टिपण सहसा गाळले जाते, आणि त्यामुळे सावकार हाच एकमेव खलनायक उरतो.

‘हा स्थानिक विरुद्ध परप्रांतीय असा झगडा होता’

बळी पडले ते जवळजवळ सगळे गुजराती आणि मारवाडी सावकार होते. गावातल्या ब्राह्मण सावकारांना बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. त्यामुळे या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, आणि जमावाच्या निवडीत उपरेपणाचा राग मिसळलेला होता हे नाकारता येत नाही. पण परप्रांतीय व्यापारी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. बदलली होती ती सावकारीची रीत. गावाशी भाऊबंदकीचे, वतनाचे नाते नसलेल्या आणि कोर्टाचे दार सरावाने ठोठावणाऱ्या सावकाराला नवा कायदा सर्वांत चांगला वापरता आला. शिवाय सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याने भरायचा असल्याने सावकारावाचून शेतकऱ्याचे वर्षच सरत नव्हते. सावकाराला गावाबाहेर काढले तरी त्याची गरज गावातच राहत होती.

‘रोखे जळाले, कर्ज संपले’

रोखा हा कर्जाचा पुरावा आहे; तो जळाला म्हणून कर्ज कायद्याने मिटत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानुसार मूळ दस्तऐवज नष्ट झाला असेल तर दुय्यम पुरावा देता येत होता. नोंदणी केलेल्या खतांची नक्कल सरकारदप्तरी होती, हुकूमनाम्यांची नोंद कोर्टात होती. साध्या रोख्यांपुरती सावकारांची अडचण झाली, एवढेच. सप्टेंबर १८७५ मध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या कोकरूडला असाच उद्रेक झाला, आणि त्यानंतर उठाव ओसरला.

टिकला तो त्यातून निघालेला कायदा. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण टाकलेली नसेल तर जमीन साध्या कर्जासाठी विकता येईना. दाव्यांची मुदत वाढली, गावपातळीवर दस्त नोंदवण्याची आणि तडजोडीची सोय झाली. सर्वांत मोठा बदल न्यायाधीशाच्या कामात झाला : रोख्यावरचा आकडा तसाच न स्वीकारता पहिल्या देण्यापासून व्यवहाराचा सगळा इतिहास उलगडून मुद्दल आणि व्याज वेगळे काढणे त्याच्यावर बंधनकारक झाले. कागदामागचे पाहण्याची जी मागणी जमावाने आगीने केली होती, ती कायद्याच्या कलमात आली.

सावकारांनीही वाट शोधली. गहाणखताऐवजी शेतकऱ्याकडून थेट खरेदीखत लिहून घ्यायचे आणि कर्ज फिटल्यास जमीन परत देण्याचे तोंडी कबूल करायचे, असे व्यवहार वाढले. कागदावर विक्री, प्रत्यक्षात गहाण. साऱ्याचा बोजा आणि रोख हप्ता तसाच राहिला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सावकाराबरोबर सरकारी कारभाराचाही जो हिशेब मांडला आहे, तो हा कायदा लागू झाल्यानंतरच्या वर्षांतला आहे.