गाडीचा सातबारा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके भीमेच्या दोन अंगांना वसलेले असून उसाचे मळे, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि नोकरीधंद्यानिमित्त पुण्याशी जडलेला नित्याचा संबंध या सर्व बाबतींत ते परस्परांचे सख्खे शेजारी शोभतात. परंतु एका गोष्टीने त्यांच्या दैनंदिन जीवनात मोठे अंतर पाडले आहे, आणि ती गोष्ट म्हणजे आगगाडी. दौंड हे मध्य रेल्वेचे जुने जंक्शन. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि मनमाडचा फाटा येथेच फुटतो. शिरूरला, म्हणजे घोड नदीच्या काठच्या घोडनदी गावाला, रेल्वेचा रूळ नाही. तेथल्या माणसाला रांजणगावच्या कारखान्यात जायचे असो की पुण्याच्या कचेरीत, पुणे-नगर रस्त्यावाचून त्याला गत्यंतर नाही. रोजच्या वापरासाठी नवी मोटार घ्यावी की जुनी, हा प्रश्न दोन्ही गावांत सारख्याच उत्सुकतेने विचारला जातो, पण त्याचे उत्तर मात्र दोन्हीकडे एक असू शकत नाही, असे माझे मत आहे. आणि लोक हे उत्तर शोधताना खिशातील रकमेकडे जितके पाहतात तितके चाकाखालून जाणाऱ्या अंतराकडे पाहत नाहीत, ही मला खरी चूक वाटते.

जुनी वस्तू म्हणजे स्वस्त वस्तू, ही समजूत मोटारीच्या बाबतीत आपल्याकडे तशी अलीकडचीच आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत होती, त्या परवान्यांच्या काळात नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि त्यामुळे हाती तयार असलेली वापरलेली गाडी कित्येकदा नव्या गाडीच्या ठरीव किमतीहून अधिक दराने विकली जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे बाजार खुला झाला, आणि तेव्हापासून मात्र नवी मोटार दुकानाच्या फाटकाबाहेर पडताक्षणी तिची किंमत उतरणीला लागते.

ही उतरण किती, याचा एक सर्वमान्य आराखडा विमा व्यवसायाने ठरवून ठेवलेला आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य धरताना पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घट धरली जाते. बाजारातील प्रत्यक्ष भाव याहून वरखाली होतो, हे खरे. परंतु अंदाजाला हा आराखडा पुरेसा आहे. आता असे समजा की एखाद्याने दुकानभावाने ८ लाखांची पेट्रोल मोटार घेतली. दहा लाखांपर्यंतच्या अशा गाडीवर राज्याचा एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे सुमारे ८८ हजार रुपये. हा पैसा गाडी विकताना परत येत नाही. पाच वर्षांनी निम्मी किंमत हाती आली, तर घट आणि कर मिळून ४ लाख ८८ हजार रुपये गेले. शिरूरहून रांजणगावला रोज जाणारा आणि बाजारहाटासह दिवसाला चाळीस किलोमीटर गाडी चालवणारा कामगार वर्षातील तीनशे दिवसांत १२ हजार, म्हणजे पाच वर्षांत ६० हजार किलोमीटर जातो. त्याला ही घट किलोमीटरमागे सुमारे ८ रुपये १३ पैसे पडते. दौंडमधला जो गृहस्थ घरापासून स्टेशनापर्यंत गाडी नेतो, ती तेथे लावून पुण्याची आगगाडी पकडतो आणि दिवसाला जेमतेम दहा किलोमीटर चालवतो, त्याची पाच वर्षांची धाव १५ हजार किलोमीटर होते, आणि त्याच गाडीची तीच घट त्याला किलोमीटरमागे साडेबत्तीस रुपये पडते. पेट्रोल, दुरुस्ती, विमा हे सर्व अजून यात धरलेलेच नाही.

याच्या जोडीला, चार वर्षे वापरलेली गाडी ४ लाखांना घेऊन पाच वर्षांनी पावणेदोन लाखांना विकली असे धरले, तर घट सव्वादोन लाखांची. दौंडकराला ती किलोमीटरमागे १५ रुपये आणि शिरूरकराला पावणेचार रुपये पडेल. म्हणजे नुसत्या आकड्यांनी पाहता जुनी गाडी दोघांनाही स्वस्तच. पण नवेपणासाठी जादा मोजावे लागणारे रुपये एकाला किलोमीटरमागे साडेचारही नाहीत, आणि दुसऱ्याला साडेसतराहून अधिक आहेत. शिवाय दौंडकराची गाडी ज्या वेळात जुनी होते त्यातला बहुतेक वेळ ती झाडाखाली उभीच असते. जुन्या गाडीचा दुरुस्तीचा खर्च धावेबरोबर वाढतो, आणि तो शिरूरकराच्या बचतीतून बरेच काही परत घेऊन जातो. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजाचा दरही सामान्यतः अधिक असतो.

शिरूरकराने हे जादा साडेचार रुपये द्यावेत, असा माझा सल्ला आहे, आणि त्याचे कारण केवळ हिशेबाचे नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या रात्री-अपरात्री चालत असतात. पुष्कळ ट्रॉल्यांच्या मागे ना दिवा असतो, ना चकाकणारी पट्टी. पाळी संपवून रात्री घरी परतणाऱ्या माणसापुढे अशी एखादी काळी आकृती अकस्मात उभी राहते, तेव्हा ब्रेक दाबल्यावर चाके न अडकता गाडी वळवता येणे याला जिवाइतके मोल असते. चाके अडकू न देणारी ही एबीएस यंत्रणा आणि चालकापुढील एअरबॅग या दोन्ही गोष्टी आपल्याकडे मोटारींना सरसकट सक्तीच्या झाल्या त्या २०१९ मध्ये, आणि शेजारच्या आसनासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती २०२१ च्या अखेरीस. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त गाड्यांत यांपैकी काहीही नसे. ज्या रांजणगावच्या वसाहतीत तयार होणाऱ्या टाटांच्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, आणि असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय मोटार ठरली, त्या वसाहतीतील कामगाराने स्वतः मात्र एअरबॅग नसलेल्या गाडीतून घरी जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. नवी गाडी ऐपतीबाहेर असेल तर निदान २०२२ नंतरची तरी पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. त्यामुळे त्यापूर्वीच्या किमती मनात धरून जुन्या गाडीचा जो भाव सांगितला जातो, तो आजच्या नव्या किमतीशी ताडून पाहिल्यावाचून मान्य करू नये.

दौंडकरासाठी जुनी गाडी योग्य. मात्र कोणतीही जुनी गाडी नव्हे. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-सहा प्रतीच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी एक गाळणी असते, आणि ती गाळणी साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून सलग वेगाने बराच वेळ धावावी लागते. घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्यांत ती तुंबते व खर्च उभा करते. तेव्हा आठदहा किलोमीटरांवरच्या कुरकुंभला जाऊन येणे, एखाद्या चतुर्थीला भीमा ओलांडून सिद्धटेक गाठणे, एवढीच ज्याची धाव, त्याने पेट्रोल गाडीच घ्यावी. पेट्रोलचाही एक नवा विचार आहे, आणि तो या ऊसपट्ट्याच्या अगदी घरचा आहे. कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. या मिश्रणाला साजेशा नळ्या व रबरी भाग नव्या गाड्यांना एप्रिल २०२३ पासून येऊ लागले. इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्यामुळे जुन्या गाडीची लिटरमागची धाव थोडी घटते, आणि फार जुन्या गाडीतील रबरी नळ्या व सील यांवर लक्ष ठेवावे लागते. ऊस उत्पादकाच्या पदरात यातून चार पैसे अधिक पडत असतील तर मला आनंदच आहे. परंतु गाडी घेताना या नळ्या फिटरला दाखवून घेण्याची काळजी त्या आनंदाने कमी होत नाही.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात आपला शेतकरी बैल घेतो, तेव्हा दात पाहून वय ठरवतो, खांद्यावरून हात फिरवतो आणि चालवून पाहिल्याखेरीज इसार देत नाही. हीच दृष्टी मोटारीला लावावी. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जाऊन ती सुरू करून पाहावी, कारण आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते. टायरच्या कडेवर चार अंकांत त्याच्या घडणीचा आठवडा व वर्ष कोरलेले असते. फक्त २५ हजार किलोमीटर चाललेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गाडीचे चारही टायर नुकतेच बदललेले दिसले, तर मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार उरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आला तसा महापूर येऊन गेला की त्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारांत येण्याचा धोका असतो. आसनाचा पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहावा, पुराच्या चिखलाची रेघ तेथे राहते. आसनाखालचे स्क्रू गंजलेले आहेत का, तेही पाहावे.

बंद पडलेल्या नाममुद्रेच्या गाड्यांविषयीही येथे सांगितले पाहिजे. रांजणगावच्या कारखान्यातच तयार झालेल्या फियाटच्या पुंतो आणि लिनिआ या गाड्या घडणीने भक्कम होत्या. फियाट हे नाव २०१९ मध्ये आपल्या बाजारातून गेले आणि त्यामुळे त्या आता फार स्वस्त मिळतात. त्यांतले १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळचे एकच असून तेच मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही बसवले गेले होते. म्हणून इंजिनाचे काम कोणताही जाणता फिटर करील. परंतु दरवाजा, दिवा, बंपर यांचा शोध मात्र धन्याला स्वतःच घ्यावा लागेल. रोजच्या कामावर जाणाऱ्याने या मोहात पडू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो. ज्या माणसाने आयुष्यात सातबारा, फेरफार आणि बोजा पाहिल्यावाचून गुंठाभर जमीन घेतली नाही, तोच माणूस चार लाखांची मोटार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यावर आणि ‘कागद नंतर करू’ या एका वाक्यावर घरी आणतो. गाडीचे नोंदणीपत्र, म्हणजे आरसी बुक, हा गाडीचा सातबाराच आहे. त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेच्या अगर पतसंस्थेच्या नावाची नोंद असेल, तर तो बोजा आहे. कर्ज फिटल्याचे नुसते पत्र पुरत नाही. नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन ती नोंद प्रत्यक्ष उतरली पाहिजे. नाव बदलण्याचा फेरफार नमुना २९ आणि ३० यांनी होतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत वर्दी द्यावयाची असते. थकलेले दंड, विम्याची मुदत आणि मालकाचा क्रमांक हे सर्व सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकाने पाहता येते, मग ती गाडी पुण्याची एमएच १२ असो की बारामतीची एमएच ४२.

विकणाऱ्याला वाटते, पैसे मिळाले, किल्ली दिली, आपण सुटलो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिलेला निर्णय अशा प्रत्येकाने समजून घ्यावा. मूळ मालकाने २००७ मध्ये आपली गाडी विकली होती, नंतर ती हातोहात फिरली, परंतु नोंदणी कोणीच बदलली नाही. २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एका मुलाचा जीव गेला. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितले की कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदारांच्या मागे धावत राहावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही. भरपाई आली ती मूळ मालकावर, गाडी हातची जाऊन दोन वर्षे होत आल्यानंतर झालेल्या अपघाताची.

घेणाऱ्याचाही यात धोका आहेच. कलम १५७ प्रमाणे तिसऱ्या पक्षाच्या हानीचा विमा गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे आपले नाव लावून घ्यावे लागते. आधीच्या मालकाला मिळणारी दावा न केल्याबद्दलची सूट ही त्या माणसाची असते, गाडीची नव्हे, म्हणून पुढील हप्ता त्याच्या हप्त्याएवढाच येईल असे समजू नये. दलालामार्फत व्यवहार असेल तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र आहे का, ते विचारावे; १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते बंधनकारक आहे, आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची रीतसर वर्दी दिली की ताब्याच्या काळातील जबाबदारी त्याच्यावर येते.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, त्यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले, आणि राज्याचा पर्यावरण कर त्यावर वेगळा. बारा वर्षांची गाडी दाखवायला कोणी दौंडच्या अंगणात आणली, तर आरसी बुकावरील नोंदणीची तारीख आधी वाचावी, उरलेली तीन वर्षे बोटांवर मोजावीत आणि मगच भावाची बोलणी सुरू करावी.