पल्सरच्या दिव्यात जळतं काय?

रास अल खोरला आमच्या गच्चीवरून रात्री दुबईच्या इमारती लखलखताना दिसतात. तारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच. परवा मुलीनं विचारलं, "बाबा, पल्सर म्हणजे आकाशातलं दीपगृह ना? मग त्या दिव्यात जळतं काय?" उत्तर शोधत मी पोचलो थेट आपल्या जुन्नर तालुक्यात. पण आधी पल्सरबद्दल.

मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला की मागे न्यूट्रॉन तारा उरू शकतो. वस्तुमान सूर्याहून जास्त, रुंदी जेमतेम २०-२५ किलोमीटर. त्यात जळत काहीच नाही. तो गरगर फिरतो आणि त्याचं जबरदस्त चुंबकीय क्षेत्रही त्याच्यासोबत फिरतं. सायकलचा डायनॅमो आठवा: चुंबक फिरला की वीज. या विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं चुंबकीय रेषांवरून धावतात. रेषा वळते तिथे त्यांच्यातून गॅमा किरण निघतात. काही गॅमा किरणांपासून आणखी कण जन्मतात आणि ध्रुवांच्या वर हे कण जणू एका तालात रेडिओ लहरी सोडतात. तो ताल नेमका कसा जुळतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

आपल्याला दिसणारे गॅमा किरण बहुतेक ताऱ्यापासून बरेच दूर, चुंबकीय क्षेत्राच्या बाहेरच्या भागात तयार होतात. म्हणजे एकाच ताऱ्याचे झोत दोन, दिशाही वेगळ्या. म्हणून काही पल्सर फक्त एकाच झोतात सापडतात.

गॅमा किरण वातावरणात अडतात, त्यासाठी उपग्रह लागतो. २००८ साली सोडलेल्या फर्मी दुर्बिणीला अनेक गॅमा स्रोत दिसले, पण ते कशाचे हे कळेना. मग नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी कामाला आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या. तिनं अशाच एका स्रोताच्या दिशेनं कान लावले आणि रेडिओ ठोके ऐकू आले: जे१५४४+४९३७. सेकंदाला सुमारे ४६० फेऱ्या! हा शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा मुलीला सांगितलं, "बाळा, तिथे जळत काही नाही, फिरणं खर्च होतं. प्रकाश देता देता पल्सर हळूहळू मंदावतो."

सुट्टीत पुणे-नाशिक रस्त्यानं जाल, तेव्हा नारायणगावच्या आसपास मुलांना त्या पांढऱ्या जाळीच्या थाळ्या नक्की दाखवा.