येडशीत वाघ आला, पण खाणार काय?

डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला. आपल्या धाराशिवमध्ये! यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. पण हे अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. शिकार कमी पडली की वाघ गुरांवर जातो, आणि रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी घाबरतो.

मग झाडं लावा, असं आपण लगेच म्हणतो. थांबा जरा. बालाघाटातला माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथलं गवत मुळांवाटे कार्बन मातीत साठवतं, पाऊस मुरवतं, चिंकाऱ्याला जगवतं. वणवे आणि जादा चराई थांबवली तर बरंचसं गवत आपसूक परत येतं. माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावला की फोटो झकास येतो. चिंकारा मात्र उपाशी.