परदेशी नोकरीसाठी प्रस्थान : कागदपत्रांची वाट आणि सावधगिरी

रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांची चूल गेली कित्येक दशके आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर पेटते आहे. आखातातील सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांपैकी फार मोठा वर्ग बांधकाम, वाहनचालन, घरकाम, स्वयंपाक अशा कामांत आहे. घरची जमीन किंवा दागिने गहाण ठेवून प्रवासाला निघणाऱ्या या माणसाची एखादी चूक संपूर्ण कुटुंबाला कर्जाच्या खाईत लोटू शकते. म्हणूनच निघण्यापूर्वी कायद्याने दिलेले संरक्षण समजून घेणे अगत्याचे ठरते. या संरक्षणाची बहुतेक सूत्रे दिल्लीत, परराष्ट्र मंत्रालयात एकवटलेली आहेत.

ईसीआर म्हणजे काय?

१९२२ च्या जुन्या कायद्याची जागा १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने घेतली. या अधिनियमान्वये दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सर्वसाधारणपणे ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवास परवानगी आवश्यक, अशी नोंद असते. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा व्यक्तीला उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. दिल्ली, मुंबई आणि इतर काही शहरांत या संरक्षकांची कार्यालये आहेत. अर्जाची प्रक्रिया आता ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय प्रणालीद्वारे होते.

पर्यटनासाठी जाणाऱ्या ईसीआर पारपत्रधारकास ही परवानगी लागत नाही. फसवणुकीची पहिली पायरी नेमकी येथेच असते. “पर्यटक व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देऊ,” असे दलाल सांगतो. या मार्गाने गेलेल्या कामगाराचा करार शासनाकडे नोंदलेला नसतो, विमा उतरवलेला नसतो आणि परक्या देशाच्या कायद्यात तो बेकायदा कामगार ठरतो. वेतन बुडाले तरी तक्रार करायला जाण्याची त्याला भीती वाटते.

दलाल की नोंदणीकृत भरती अभिकर्ता?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचे नोंदणी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत अभिकर्त्यांची यादी ई-मायग्रेटवर कोणालाही पाहता येते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर इतकी आहे. त्याची पावती मागणे हा उमेदवाराचा हक्क आहे. पावती न देता लाखांत रक्कम मागणारा माणूस ओळखीचा असला, गावचा असला, तरी त्याच्यापासून दूर राहावे.

दिल्ली आणि परिसरात भाड्याच्या खोलीत कार्यालय थाटून बनावट व्हिसा हाती देणाऱ्या टोळ्यांची प्रकरणे दिल्ली पोलिसांकडे वारंवार येतात. विमान दिल्लीहून सुटणार म्हणून गावाकडून आलेल्या तरुणाला व्हिसा खोटा असल्याचे कित्येकदा थेट विमानतळावर कळते. १९८३ च्या अधिनियमात अशा गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली होती. लाखोंच्या फसवणुकीपुढे हा दंड नगण्यच होय. नव्या कायद्याच्या विधेयकाचे मसुदे २०२१ आणि २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाले, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रमाणपत्रांचे साक्षांकन

शैक्षणिक व वैयक्तिक प्रमाणपत्रे परदेशात ग्राह्य ठरण्यासाठी त्यांचे साक्षांकन लागते. प्रथम राज्य शासनाचे आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे, असा हा क्रम आहे. भारत २००५ मध्ये ‘अपोस्टिल’ करारात सहभागी झाला. या करारातील देशांसाठी मंत्रालयाचा अपोस्टिल पुरेसा असतो. इतर देशांसाठी मात्र त्यानंतर दिल्लीतील संबंधित दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो. या प्रक्रियेस वेळ लागत असल्याने निघण्याच्या आठवड्यात ती सुरू करणे धोक्याचे असते.

विमा आणि प्रशिक्षण

२००३ मध्ये सुरू झालेली प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआर कामगारांसाठी अनिवार्य आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. जून २०२४ मध्ये कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत ४५ भारतीयांचा मृत्यू झाला. या विम्याचे महत्त्व अशा वेळी कळते. दिल्ली, मुंबई आदी शहरांत प्रस्थानपूर्व प्रशिक्षणही विनामूल्य दिले जाते. ज्या देशात जायचे तेथील कायदे, चालीरीती आणि कामगारांचे हक्क यांची माहिती त्यात मिळते.

सामान बांधताना

रोजगार कराराची प्रत स्वतःला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावी आणि वेतन, कामाचे तास, निवास व परतीचे तिकीट या बाबी तपासाव्यात. तेथे पोहोचल्यावर कमी वेतनाच्या दुसऱ्या करारावर सही मागितल्यास भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता असल्याने मालकाने ते अडकवून ठेवणे योग्य नव्हे. पारपत्र, व्हिसा आणि करार यांची एकेक प्रत घरीही ठेवावी.

औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. कोडीन, ट्रामाडॉल यांसारख्या औषधांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत मोडते. आईने प्रेमाने बांधून दिलेले अनारसेही मुलाला तुरुंगाची वाट दाखवू शकतात, याचे भान ठेवावे.

अडचणीच्या वेळी

दिल्लीतील प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा निःशुल्क क्रमांक निघण्यापूर्वीच घरच्यांनी लिहून ठेवावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून संकटग्रस्तांना निवारा, कायदेशीर साह्य आणि परतीचे तिकीट दिले जाते.

या सर्व यंत्रणेचा लाभ कामगाराची नोंद शासनाकडे असेल तर सहजपणे पोहोचतो. नोंद नसलेल्या माणसाला आधी शोधावे लागते. ग्रामपंचायती, बचत गट आणि शाळांनी ही माहिती गावोगावी पोहोचवली, तर परदेशी जाणारा प्रत्येक तरुण कर्जाबरोबर कायद्याचे संरक्षणही सोबत घेऊन निघेल.