एचआयव्हीची तपासणी मोफत, मग अडतं कुठे?

होटगी हे सोलापूरजवळचं रेल्वे जंक्शन. विजयपूर-गदगची लाइन इथून वेगळी होते. तपासणी आणि औषधांसाठी सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल जवळच आहे. एचआयव्हीची एआरटी औषधं देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. तरीही अशा गावांतून तिथवर जायला अनेकांचे पाय अडखळतात. भीती एकच: ‘गावातल्या कुणी पाहिलं तर?’

मग गावापर्यंत कोण पोहोचतं?

यासाठीच सरकारने निवडक गावांत ‘लिंक वर्कर’ योजना आणली. लिंक वर्कर म्हणजे त्याच परिसरातली प्रशिक्षित व्यक्ती. ती माहिती देते, कंडोम पोहोचवते, तपासणीला सोबत येते आणि औषध मध्येच सुटलं तर विचारपूस करते.

ओळखीच्या माणसाचं ऐकतात का?

सांगलीचं उदाहरण पाहा. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ मध्ये तिथे देहविक्री करणाऱ्या महिलांसोबत काम सुरू केलं. कंडोम वाटण्याचं आणि समजावण्याचं काम त्या महिलांनीच हाती घेतलं. पुढे १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजेच ‘व्हॅम्प’. ग्राहक कंडोमला नकार देतो तेव्हा काय बोलायचं, हे बाहेरच्या डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

वेळेत औषध घेतल्याने काय होतं?

औषध रोज घेतलं की रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण घटतं. ते तपासणीत दिसणार नाही इतकं कमी राहिलं, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. उपचारांनी तो ५ टक्क्यांखाली येतो. म्हणूनच गरोदरपणात लवकर तपासणी महत्त्वाची.

नाव फुटलं तर?

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कुणाची एचआयव्हीची माहिती परवानगीशिवाय उघड करता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारणंही बेकायदा आहे.

शंका असेल, पण गावात कुणाला विचारायचं नसेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा. जवळचं तपासणी केंद्र कुठे आहे, हेही तिथे कळतं.