दोन डॉलरचं तिकीट

१९०८ साली केंटकी डर्बी तोंडावर आली असताना लुइव्हिल शहराच्या प्रशासनाने रेसकोर्सवरच्या बुकींना बंदी घातली. डर्बी जिथे धावते त्या चर्चिल डाउन्स रेसकोर्ससाठी हा जिवावरचा घाव होता. बुकी मैदानात बसण्यासाठी रेसकोर्सला पैसे मोजत आणि त्यातून बक्षिसांची रक्कम उभी राहत असे. बुकी गेले की बक्षिसं आटणार, बक्षिसं आटली की घोडे येणार नाहीत. रेसकोर्सचा कारभार तेव्हा मॅट विन यांच्याकडे होता. हा गृहस्थ मूळचा कपडे शिवण्याच्या धंद्यातला. त्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी राज्याचे जुने कायदे चाळले, तेव्हा जुगारबंदीच्या कायद्यातली एक सवलत हाती लागली. पॅरिसमध्ये रूढ झालेली, सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत त्या बंदीतून वगळलेली होती. तशी यंत्रं काही दशकांपूर्वी याच रेसकोर्सवर आणली गेली होती आणि बुकींच्या विरोधामुळे अडगळीत पडली होती. विन यांनी ती शोधून काढली, दुरुस्त केली आणि मैदानात मांडली. त्या वर्षी स्टोन स्ट्रीट नावाचा घोडा जिंकला आणि पाच डॉलरच्या तिकिटावर १२३ डॉलर ६० सेंट मिळाले. १९११ मध्ये तिकीट दोन डॉलरवर आलं. कारकून, मजूर, शाळामास्तर अशा कोणालाही परवडेल असा तो भाव होता. अमेरिकेतल्या रेसकोर्सवर आजही जिंकलेल्या घोड्याची रक्कम दोन डॉलरच्या हिशेबानेच जाहीर होते.

केंटकीतल्या घोड्यांबद्दल बोलताना लोक चुनखडीच्या जमिनीबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे. लेक्सिंग्टनच्या भोवतीच्या ब्लूग्रास भागात पाणी चुनखडीतून झिरपतं, गवतात कॅल्शियम उतरतं आणि शिंगरांची हाडं भक्कम होतात असं तिथले घोडेपाळ पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १९८५ साली लेक्सिंग्टनच्या कीनलँड इथल्या लिलावात वर्षाच्या एका शिंगराला १ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले होते. पण नुसत्या गवतावर रेसचा घोडा उभा राहत नाही. त्याच्यामागे मोतद्दार, ट्रेनर, जॉकी, नालबंद, पशुवैद्य असा मोठा गोतावळा असतो. या गोतावळ्याचं पोट बक्षिसांवर चालतं आणि बक्षिसं पैसे लावणाऱ्यांच्या खिशातून येतात. माझ्या मते केंटकीच्या रेसचा इतिहास तिकिटाच्या खिडकीपासून वाचायला हवा. तबेल्यापासून वाचायला घेतला की निम्मी गोष्ट हातातून निसटते.

खिडकीमागचा हिशेब साधा आहे. समजा एका शर्यतीच्या विन पूलमध्ये, म्हणजे कोण पहिलं येईल यावर लागलेल्या पैशांच्या गंगाजळीत, १०,००० डॉलर जमले. कपातीचा दर १६ टक्के असेल तर १,६०० डॉलर आधीच बाजूला निघतात. त्यात रेसकोर्सचा वाटा, बक्षिसांचा वाटा आणि सरकारचा कर आला. उरले ८,४००. जिंकलेल्या घोड्यावर एकूण २,१०० डॉलर लागले असतील तर डॉलरला चार, म्हणजे दोन डॉलरच्या तिकिटाला आठ डॉलर मिळतात. घोड्याचा भाव रेसकोर्स ठरवत नाही, तो लोकांच्या पैशाने ठरतो. कोण जिंकलं याने रेसकोर्सला फरक पडत नाही, कारण त्याचा वाटा आधीच निघालेला असतो. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टोटच्या खिडकीशी उभा राहिलेला माणूस हा हिशेब लगेच ओळखेल.

या हिशेबातली सगळ्यात बारीक कात्री मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येते. डॉलरला ३ डॉलर ८९ सेंट मिळायला हवेत असं गणित निघालं, तर प्रत्यक्षात ३ डॉलर ८० सेंट देत असत. वरचे ९ सेंट खाली सोडून दिले जात. म्हणजे दोन डॉलरच्या तिकिटावर ७ डॉलर ७८ सेंटऐवजी ७ डॉलर ६० सेंट. पंटरने, म्हणजे पैसे लावणाऱ्याने, जिंकलेले हे १८ सेंट त्याला दिसतही नसत. शर्यतीमागून शर्यत, दिवसामागून दिवस ही सुटी नाणी साठत गेली की त्यांची मोठी रक्कम होते. २०२२ मध्ये केंटकीने कायदा करून आपल्याकडच्या शर्यतींचा हिशेब शेवटच्या सेंटपर्यंत चुकता करायला लावला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पैसे लावणाऱ्याच्या बाजूने इतका नेमका विचार कोणत्याही विधिमंडळात क्वचितच होतो, म्हणून या कायद्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मुख्य कपातीचा अनुभव मात्र उलटा आहे. २०१४ मध्ये चर्चिल डाउन्सने विन, प्लेस आणि शोवरची (घोडा पहिला, पहिल्या दोनांत किंवा पहिल्या तिनांत येईल यावर लावलेल्या पैशांवरची) कपात १६ टक्क्यांवरून १७.५ टक्क्यांवर नेली. एक्झॅक्टा, ट्रायफेक्टा अशा एकाहून अधिक घोड्यांच्या क्रमावर लावायच्या पैशांवरची कपात १९ वरून २२ टक्के झाली. जाणत्या पंटरांनी बहिष्काराची हाक दिली. २०१७ मध्ये लेक्सिंग्टनच्या कीनलँड रेसकोर्सनेही दर वाढवले, पण नाराजी पाहून पुढच्या वर्षी विन-प्लेस-शोची कपात पुन्हा १६ टक्क्यांवर आणली. कीनलँड ही नफा वाटून न घेणारी संस्था आहे. चर्चिल डाउन्स शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. फरकाचं मूळ इथे आहे असं मी मानतो.

आता थोडं मागे जायला हवं, कारण खिडकीच्या पलीकडे ज्यांनी हा खेळ उभा केला त्यांना या खेळाने फार वाईट वागवलं. मेरिवेदर लुइस क्लार्क (धाकटे) यांनी युरोपातल्या शर्यती पाहून आल्यावर, चर्चिल आडनावाच्या आपल्या मामांकडून जमीन भाड्याने घेऊन चर्चिल डाउन्सचं मैदान उभारलं. १७ मे १८७५ रोजी पहिली डर्बी झाली. पंधरा घोडे धावले आणि त्यांतल्या तेरा घोड्यांचे जॉकी कृष्णवर्णीय होते. जिंकला तो अ‍ॅरिस्टायडीझ. त्याला पुढे काढून वेग वाढवायचा आणि शेवटी मालकाच्याच दुसऱ्या घोड्याने बाजी मारायची असा बेत होता. तो दुसरा घोडा मागे राहिला आणि अ‍ॅरिस्टायडीझला थांबवायची वेळ आलीच नाही. त्याच्यावर बसलेला ऑलिव्हर लुइस कृष्णवर्णीय होता, त्याला तयार करणारा अ‍ॅन्सेल विल्यमसन तर गुलामगिरीत जन्मलेला. लुइसने पुढे जॉकीचं काम सोडलं आणि घोड्यांच्या कामगिरीच्या हस्तलिखित नोंदी तो बुकींना पुरवू लागला. आज पंटर शर्यतीपूर्वी छापील फॉर्ममध्ये घोड्याच्या मागच्या धावा तपासतो. त्या नोंदींच्या सुरुवातीच्या काळात या माणसाचं काम आहे.

पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकी पंधरा कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीने तीन जिंकल्या. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन. त्यानंतर बक्षिसं वाढली तसा रंगभेद घट्ट होत गेला, गोऱ्या जॉकींनी धावत्या शर्यतीत कृष्णवर्णीयांना कठड्याकडे दाबायला सुरुवात केली, मालकांनी त्यांना घोडे देणं थांबवलं. विंकफील्ड रशियाला गेला, तिथे मोठं नाव कमावलं. क्रांतीनंतरच्या धुमाळीत ओदेसाहून पोलंडपर्यंत जातिवंत घोड्यांचा तांडा घेऊन जाणाऱ्यांत तो होता. पुढे फ्रान्समध्ये स्थिरावला. १९६१ मध्ये डर्बीनिमित्त एका मेजवानीचं निमंत्रण आलं म्हणून तो लुइव्हिलच्या ब्राउन हॉटेलच्या मुख्य दरवाजाशी पोहोचला, तर त्याला दारातच अडवलं. दोनदा डर्बी जिंकलेला, ऐंशीच्या आसपासचा माणूस! विंकफील्डनंतर एकाही कृष्णवर्णीय जॉकीने डर्बी जिंकलेली नाही.

पैसे लावणाऱ्याचा हक्क किती आणि कुठवर, याचे दोन धडे डर्बीने अलीकडेच दिले. २०१९ मध्ये मॅक्सिमम सिक्युरिटी पहिला आला, पण वळणावर त्याने दुसऱ्यांची वाट अडवली अशी तक्रार झाली. पंच २२ मिनिटं चित्रफिती पाहत बसले आणि त्यांनी त्याला खाली उतरवलं. विजेता ठरला ६५ ला एक भावाचा कंट्री हाउस. दोन डॉलरला १३२ डॉलर ४० सेंट. निकाल अधिकृत होण्याआधी बदलला, म्हणून पैसेही बदलले. २०२१ मध्ये मेडिना स्पिरिट जिंकला, पैसे वाटले गेले, आणि मग त्याच्या रक्तात शर्यतीच्या दिवशी मनाई असलेलं बीटामेथासोन सापडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं विजेतेपद काढून मँडलूनला देण्यात आलं. तोवर मेडिना स्पिरिट मेलाही होता. मँडलूनच्या मालकांना बक्षीस मिळालं. त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांना एक सेंटही नाही. काहीजण न्यायालयात गेले, हाती काही लागलं नाही. नियम तसाच आहे: निकाल अधिकृत झाला की पूल मिटला. नियमाची गरज मला समजते. पण औषध देऊन धावलेल्या घोड्याचा तोटा एकट्या पंटरने सोसावा, हे मला न्यायाचं वाटत नाही.

आणि आता यंत्रं. केंटकीच्या घटनेमुळे तिथे कॅसिनोला वाव नाही. घटनादुरुस्तीचे प्रयत्न तडीस गेले नाहीत. शेजारच्या इंडियानात कॅसिनो उघडले आणि केंटकीचे पैसे नदी ओलांडून जाऊ लागले. तेव्हा वाट निघाली ती होऊन गेलेल्या शर्यतींची. ही कल्पना २००० साली आर्कान्सासमधल्या ओकलॉन रेसकोर्सवर सुरू झाली होती. यंत्रात हजारो जुन्या शर्यती भरलेल्या असतात. घोड्यांची नावं, तारीख, ठिकाण लपवून फक्त थोडी माहिती दाखवतात. तुम्ही घोडे निवडता किंवा यंत्र निवडून देतं. पडद्यावर चक्रं फिरतात, फळं-घंटा जुळतात आणि एका कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चौकटीत त्या जुन्या शर्यतीचे शेवटचे काही क्षण धावून जातात. २०१० मध्ये राज्याच्या रेसिंग कमिशनने याला परवानगी दिली, २०११ च्या सप्टेंबरात केंटकी डाउन्स रेसकोर्सवर पहिली यंत्रं लागली.

कायद्यातली सवलत होती ती पूलला. मग हे पूलवरचं बेटिंग आहे का? सप्टेंबर २०२० मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी एका प्रणालीबद्दल स्पष्ट सांगितलं की नाही. पूल म्हणजे लोकांनी एकाच शर्यतीवर एकमेकांविरुद्ध पैसे लावणं; इथे प्रत्येकजण वेगळ्या शर्यतीवर खेळतो आहे. निकालानंतर लेक्सिंग्टनच्या रेड माइल रेसकोर्सने यंत्रं काही काळ बंद ठेवली. पाच महिन्यांत विधिमंडळाने पूलची कायद्यातली व्याख्याच बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गव्हर्नर अँडी बेशियर यांनी त्यावर सही केली. यंत्रं पुन्हा सुरू झाली, वाढत गेली. आज त्यांवर वर्षाला अब्जावधी डॉलर खेळले जातात, प्रत्यक्ष शर्यतींवर राज्यात लागणाऱ्या पैशाच्या कितीतरी पट.

त्याचं फळ केंटकी डाउन्सवर दिसतं. फ्रँकलिनजवळ, टेनेसीच्या अगदी सीमेवरचं हे मैदान. १९९० मध्ये रेसकोर्स उघडलं, ते अनेक वर्षं धापा टाकत होतं. आज तिथे वर्षात जेमतेम आठवडाभर गवतावर शर्यती होतात आणि एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांच्या शर्यतीलाही दीड लाख डॉलरहून मोठं बक्षीस असतं. यंत्रांनी केंटकीचे घोडे वाचवले असं तिथले घोडेपाळ म्हणतात आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. मोतद्दारांचे पगार, तबेल्यांची दुरुस्ती, नवीन शिंगरं, सगळं त्या पैशाने होतं. हे मान्य करूनही मी म्हणेन की यंत्रासमोर बसलेल्या माणसाने घोडा पाहिलेलाच नसतो. १९०८ मध्ये विन यांनी शोधलेली पळवाट माणसाला घोड्यापाशी घेऊन आली. २०२१ च्या कायद्याने त्याला घोड्यापासून तोडलं.

घोड्यापासून तुटलेला पैसा घोड्याची काळजी घेईलच असं नाही. २०२३ च्या वसंतात चर्चिल डाउन्सवर काही आठवड्यांत बारा घोडे मेले. त्यांतले दोन डर्बीच्याच दिवशी. मैदानाच्या मातीत दोष आढळला नाही, एकच एक कारण सापडलं नाही, आणि जूनमध्ये शर्यती हेंडरसनजवळच्या एलिस पार्कला हलवाव्या लागल्या. त्याआधीच देशभरासाठी सुरक्षिततेची एक राष्ट्रीय यंत्रणा २०२२ पासून कामाला लागली होती. औषधं, चाबूक, पशुवैद्यकीय तपासण्या आता तिच्या नियमांत येतात. तरी पुढच्याच वर्षी १५०व्या डर्बीच्या एका शर्यतीवर २१ कोटी डॉलर लागले. लोकांचं या खेळावरचं प्रेम आटलेलं नाही.

आपल्याकडचा मामला उलट्या टोकाला आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं. पण पुढे लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. केंटकीचा पंटर १७.५ टक्क्यांवर बहिष्कार पुकारतो. महालक्ष्मीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल याचा हिशेब वाचकांनीच मांडावा. इतका कर लावला की जाणता माणूस रस्त्यावरच्या बेकायदा बुकीकडे वळतो आणि घोड्यांना मिळणारा वाटा बुडतो.

केंटकीने यंत्रं बंद करावीत असं मी म्हणणार नाही. हजारो घरं त्यांवर चालतात. पण यंत्राला यंत्र म्हणावं, प्रत्येक यंत्रावर खेळणाऱ्याला सरासरी किती परत मिळतं ते ठळक लिहावं, आणि त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दोन कामांसाठी कायद्याने बांधून टाकावा: प्रत्यक्ष शर्यतींवरची कपात खाली आणणं आणि निवृत्त घोड्यांचा सांभाळ. सेंटापर्यंतचा हिशेब चुकता करायला लावणाऱ्या विधिमंडळाला हे अवघड नाही.

अमेरिकेतले आपले नातेवाईक कधी बोलावतील तेव्हा डर्बीच्या शनिवारची दीड लाखांची गर्दी टाळा. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये लेक्सिंग्टनला कीनलँडवर जा. सकाळचा सराव लोकांना पाहता येतो. दुपारी पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहून घोड्याची चाल, घाम, कान नीट बघा आणि मगच खिडकीशी जा. लावायचे असतील तर दोन डॉलर पुरेत.